‘मनी फॉर नथिंग’मधली शिवी नेमकी कोणाची?

२०११च्या जानेवारीत कॅनडात एक निर्णय आला आणि जगभरच्या रॉकवाल्यांचं डोकंच फिरलं. गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लरच्या डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश बँडचं ‘मनी फॉर नथिंग’, १९८५चं गाणं, म्हणजे तोपर्यंत पंचवीस वर्षं जुनं, अमेरिकेत नंबर वन होऊन गेलेलं, ग्रॅमी घेतलेलं, आणि कॅनेडियन ब्रॉडकास्ट स्टँडर्ड्स कौन्सिल म्हणते की हे गाणं आहे तसं खाजगी रेडिओवर लावण्यासारखं नाही. एका श्रोत्याने तक्रार केली होती, कारण दुसऱ्या कडव्यातला एक शब्द. ‘फॅगट’. गे पुरुषांना हिणवायला वापरतात ती इंग्रजीतली शिवी, त्या एका कडव्यात तीनदा येते. मग जे व्हायचं तेच झालं, एकीकडे “लोक फारच हळवे झालेत, उद्या सगळंच बॅन करा” आणि दुसरीकडे “शिवी ती शिवी, चाल कितीही भारी असली तरी”, आणि गाणं नीट ऐकून बोलणारे अगदी थोडे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्या श्रोत्याने तक्रार केली त्याचं काहीच चुकलं नव्हतं. कौन्सिलचा पहिला निर्णय मात्र साफ चुकीचा होता. आणि ज्यांनी “अहो ते नॉफ्लर बोलत नाहीये, ते गाण्यातलं पात्र बोलतंय” एवढं म्हणून विषय मिटवला त्यांचं उत्तर खरं असलं तरी अर्धंच होतं. हे तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, पण असल्या वादात आपण कायम एकच बाजू धरून बसतो आणि मग गाणं राहतं बाजूला.

आधी गाणं. मार्क नॉफ्लरने ही गोष्ट स्वतः बऱ्याच वेळा सांगितली आहे. न्यूयॉर्कमधल्या एका अप्लायन्सच्या दुकानात तो होता, फ्रीज, ओव्हन, टीव्ही विकणारं मोठं दुकान, आणि मागच्या भिंतीवर ओळीने टीव्ही लावलेले, सगळ्यांवर एमटीव्ही चालू. तिथे माल हलवणारा एक कामगार, कामाच्या कपड्यात, टीव्हीकडे बघत उभा राहून त्यातल्या गायकांवर तोंडसुख घेत होता. नॉफ्लरने दुकानातच कागद-पेन मागितलं, तिथे डिस्प्लेला ठेवलेल्या किचनमध्ये बसला आणि त्याचं बोलणं उतरवून घेतलं. म्हणजे गाण्याचा गाभा हा ऐकलेला आहे, रचलेला नाही. हा माणूस खरा होता, आणि तो जे बोलत होता ते त्या काळी अमेरिकेतल्या हजारो दुकानांत, गॅरेजांत बोललं जात असणार.

आणि तो बोलतो काय? की बघा हे लेकाचे, गिटार वाजवतात आणि पैसे छापतात, याला काय काम म्हणतात का. आणि आम्ही? आम्ही मायक्रोवेव्ह बसवायचे, लोकांच्या घरी किचन पोचवायचे, फ्रीज आणि कलर टीव्ही उचलून हलवायचे. नीट ऐकलं की कळतं, या माणसाचा राग मुळात पगाराचा आहे. दिवसभर पाठ मोडेपर्यंत ओझी वाहायची आणि समोर काचेत कोणीतरी कानात डूल घालून, मेकअप करून, स्वतःच्या जेट विमानात फिरतोय. हा राग मला समजतो, कोणालाही समजेल. पण तो राग जातो कुठे बघा. दुकानाच्या मालकाकडे जात नाही, पगार ठरवणाऱ्याकडे जात नाही. तो जातो त्या डुलाकडे आणि त्या मेकअपकडे. ‘हा पुरुषच नाही आणि तरी माझ्यापेक्षा श्रीमंत’, ही त्याची खरी ठसठस आहे. शिवी येते ती इथून. म्हणून मला हे कडवं गाण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कडवं वाटतं, कारण कष्ट करणाऱ्या माणसाची चीड कशी भलत्याच माणसावर निघते हे आठ-दहा ओळींत इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं रॉक गाणं मला पटकन आठवत नाही.

आता यात एक गोष्ट आहे जी या वादात जवळजवळ कोणीच काढली नाही. नॉफ्लरने १९८५मध्येच ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाला सांगितलं होतं की हा गाणारा माणूस अडाणी आहे. बरोबर आहे. पण हे सांगणारा माणूस तोपर्यंत करोडपती आणि ज्याला अडाणी म्हटलं तो फ्रीज उचलणारा हमाल. त्याचं बोलणं उतरवून घेतलं, गाणं जगभर खपलं, आणि तो माणूस कोण होता हे कोणाला माहिती नाही. मी हे गाणं पाडायला म्हणत नाहीये, लेखक लोकांचं बोलणं उचलतातच, तेच त्यांचं काम आहे. पण “गाणं तर त्या अडाणी माणसाची टर उडवतंय” हा बचाव ज्यांना फार सोपा वाटतो त्यांनी हे पण बघावं की टर कोण कोणाची उडवतंय.

गाणं रेकॉर्ड झालं कॅरिबियनमधल्या मॉन्टसेराट बेटावर, जॉर्ज मार्टिनच्या एअर स्टुडिओत. गायक स्टिंग तिथे सुट्टीवर आला होता म्हणून त्याला बोलावलं, आणि सुरुवातीला लांबून येणारी ती ‘आय वाँट माय एमटीव्ही’ ही मागणी त्याने गायली, जी एमटीव्हीच्या स्वतःच्याच जाहिरातीतली ओळ होती. म्हणजे गाणं एमटीव्हीला टोमणा मारतंय आणि एमटीव्हीने तेच गाणं डोक्यावर घेतलं. १९८६च्या त्यांच्या अवॉर्ड्समध्ये व्हिडिओ ऑफ द इयर यालाच, आणि १ ऑगस्ट १९८७ला एमटीव्ही युरोप सुरू झालं तेव्हा पहिलं गाणं हेच. त्या व्हिडिओत कॉम्प्युटरवर बनवलेला एक चौकोनी जाडजूड कामगार आहे, खोके उचलणारा, टीव्हीसमोर बसून बडबडणारा. हा कामगार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

“त्या काळी हे चालायचं, आता लोक नाजूक झालेत” हे जे सारखं म्हटलं जातं, ते खोटं आहे. आक्षेप त्याच वर्षी आला होता. लंडनमधल्या एका गे वृत्तपत्राच्या संपादकाने तेव्हाच नॉफ्लरला कळवलं होतं की हे बरोबर नाही केलंत, आणि नॉफ्लरने ते मुलाखतीत स्वतः सांगितलंय. म्हणजे दुखणारे तेव्हाही होते, फक्त त्यांचं ऐकायला कोणती कौन्सिल नव्हती. आणि वर्ष कुठलं होतं ते बघा. १९८५च्या जुलैत हॉलिवूडचा नट रॉक हडसन याला एड्स असल्याचं जाहीर झालं, २ ऑक्टोबरला तो गेला. ‘मनी फॉर नथिंग’ अमेरिकेत नंबर वन होतं ते सप्टेंबरच्या शेवटच्या दोन आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. एड्सच्या भीतीने गे माणसांशी हात मिळवायला लोक तयार नव्हते, त्याच आठवड्यांत हे गाणं यादीच्या टोकाला होतं. त्या कडव्याशिवायच्या छोट्या आवृत्त्याही निघाल्या होत्या, रेडिओवर त्या पण वाजायच्या, पण अल्बम घराघरात होता आणि त्यात सगळं होतं.

त्याच सप्टेंबरमध्ये, १९ तारखेला, वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या समितीपुढे रॉकच्या शब्दांवर मोठी सुनावणी चालली होती. सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी काढलेली पीएमआरसी ही पालकांची संस्था, आणि समोर गायक-वादक फ्रँक झापा, जॉन डेन्व्हर, ट्विस्टेड सिस्टरचा डी स्नायडर. त्यातूनच पुढे अल्बमवरचा तो ‘पेरेंटल अॅडव्हायझरी’चा स्टिकर आला. पीएमआरसीने जे कप्पे सुचवले होते ते म्हणजे सेक्स आणि घाणेरडी भाषा, हिंसा, दारू-ड्रग्ज आणि काळी जादू. बस. माणसांच्या एखाद्या गटाला हिणवणं हा कप्पाच त्यात नव्हता. पोरं बिघडतील याची काळजी होती, पण गाण्यात ज्याला शिवी पडते ते पोरगं पण रेडिओ ऐकत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. म्हणून मी म्हणतो की २०१०च्या कॅनडातली तक्रार ही नवा नाजूकपणा नव्हता, १९८५मध्ये विचारायचा राहून गेलेला प्रश्न होता.

ती तक्रार साधी होती. फेब्रुवारी २०१०, न्यूफाउंडलंडमधलं सेंट जॉन्स, तिथलं एक रॉक स्टेशन रात्री हे गाणं अख्खं लावतं. एका श्रोत्याने लिहिलं की या गाण्याच्या तो शब्द नसलेल्या आवृत्त्या असताना तुम्ही मुद्दाम हीच का लावलीत. मला यात काहीच आततायी वाटत नाही. त्याने गाणं जाळा म्हटलं नाही, नॉफ्लरला अटक करा म्हटलं नाही, एका स्टेशनला विचारलं. स्टेशनने सांगितलं की हे गाणं कित्येक वर्षं वाजतंय, बक्षिसं मिळालेलं गाणं आहे. हे उत्तर मला पटत नाही. कित्येक वर्षं चाललंय हे कोणत्याच गोष्टीच्या बाजूचं कारण होऊ शकत नाही, आणि ग्रॅमी मिळाल्याने शब्द लागायचा थांबत नाही.

प्रकरण कौन्सिलकडे गेलं. इथे एक गैरसमज फार पसरला की ‘कॅनडा सरकारने बॅन केलं’. तसं नाहीये. ही कौन्सिल खाजगी रेडिओ-टीव्हीवाल्यांनी स्वतःच स्वतःसाठी नेमलेली आहे, सरकारी नियामक संस्था वेगळी, तिला सीआरटीसी म्हणतात. कौन्सिलच्या अटलांटिक भागाच्या पॅनेलने ठरवलं की हा शब्द पूर्वी कदाचित चालत असेल, आता चालत नाही, आणि गाणं न कापता लावलं हे आचारसंहितेचं उल्लंघन आहे. दुसरी आवृत्ती लावा, हरकत नाही.

माझा आक्षेप इथे आहे. पॅनेलने शब्द तपासला, गाणं तपासलं नाही. शब्द कोण उच्चारतंय, कोणाबद्दल, आणि तो उच्चारल्याने तो माणूस आपल्याला कसा दिसतो, हे प्रश्न त्यांनी कडेला ठेवले. आणि शब्द कापल्याने काय होतं ते बघा. त्याच गाण्यात बाँगो वाजवणाऱ्या वादकाला चिंपांझीची उपमा आहे. टीव्हीवरच्या बाईकडे बघण्याची ती एक खास नजर आहे. डूल आणि मेकअपवरून उडवलेली टिंगल आहे. एक शब्द काढला तरी हे सगळं तसंच राहतं, तिरस्कार आहे तिथेच राहतो, फक्त कानाला टोचत नाही एवढंच. उलट तो कामगार आहे त्यापेक्षा बरा दिसायला लागतो. ज्याला आपण बघावं म्हणून गाणं लिहिलं त्यालाच स्वच्छ करून ठेवायचं, म्हणजे ज्याच्यासाठी काळजी करतोय त्या गे श्रोत्याला तरी याचा काय फायदा? त्याला माहितीये की असली माणसं कशी बोलतात. त्याच्यापासून काही लपत नाही, लपतं ते बाकीच्यांपासून.

निर्णयावर जी प्रतिक्रिया आली ती मात्र मला मूळ निर्णयाहून जास्त खटकली. हॅलिफॅक्स आणि एडमंटनमधल्या दोन स्टेशन्सनी निषेध म्हणून तेच गाणं, न कापलेलं, सलग तासभर पुन्हा पुन्हा वाजवलं. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य वगैरे. एकदा वाजवलं असतं आणि त्यावर अर्धा तास बोलले असते, एखाद्या गे श्रोत्याला फोनवर घेतलं असतं, तर मी म्हटलं असतं शाब्बास. पण तासभर तेच? त्यात गाण्यावरचं प्रेम कुठे राहिलं, ती तर सरळ ईर्ष्या झाली, की तुम्हाला टोचतं ना, मग घ्या. ज्या गाण्यात एक माणूस दुसऱ्याला कारण नसताना टोचतो, ते गाणं वापरून त्यांनी नेमकं तेच केलं.

आता ‘पात्र बोलतंय’ या बचावाकडे येतो, कारण माझ्या मते सगळा प्रश्न इथे आहे. तत्त्व म्हणून ते शंभर टक्के बरोबर. खुनी माणसाच्या तोंडून कविता लिहिणारा कवी खुनी नसतो. पण पात्राचा आवाज काम कधी करतो? ऐकणाऱ्याला पात्र आणि लिहिणारा यांच्यामधली फट दिसते तेव्हा. नाटकात ती दिसते, स्टेजवर माणूस उभा असतो, त्याचे कपडे, समोरच्याचं तोंड, सगळं दिसतं. कथेत पानं असतात. रॉक गाण्यात मात्र एक अडचण आहे, आणि ती अडचण म्हणजे ती गिटार. ‘मनी फॉर नथिंग’चा तो रिफ, म्हणजे परत परत येणारी ती गिटारची ओळ, लेस पॉल गिटारचा तो भरडा, कोंडलेला आवाज, त्याच्याआधी वाढत जाणारे ड्रम, हे ऐकून अंगात येतं राव. आणि अंगात आलेला माणूस फट बघत नाही. तो गायला लागतो. आणि तो गातो कोणाच्या बाजूने? जो बोलतोय त्याच्या.

पुण्यात एका कॉलेजच्या फेस्टमध्ये एक पोरांचा बँड हे गाणं वाजवत होता, चांगला वाजवत होता, गर्दी पेटलेली. माझ्या शेजारी माझा एक मित्र, गे आहे, तेव्हा आमच्यापैकी मोजक्यांनाच माहिती होतं. तो माझ्यापेक्षा मोठा डायर स्ट्रेट्सवाला, हवेत गिटार वाजवत होता, डोळे मिटून. ते कडवं आलं आणि पुढची अख्खी रांग त्या शब्दावर जास्तच जोर देऊन ओरडायला लागली, हसत, एकमेकांकडे बोट दाखवत, काहींनी तर तिथे आपली मराठी शिवी घातली. मित्राचे हात खाली आले. फ्रीज आणि कलर टीव्हीच्या ओळी आल्यावर परत वर गेले. बाहेर चहा पिताना तो म्हणाला, “गाणं माझं पण आहे रे. फक्त त्या वीस सेकंदांत मी नक्की कोणाच्या बाजूला उभा राहू ते कळत नाही.”

त्या पोरांना नॉफ्लरचा उपरोध कळला नव्हता का? काहींना कळला असेल. पण गर्दीत तो शब्द पात्राचा राहिलाच नाही, त्यांचा झाला. आपल्याकडे तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचं काय चालू होतं तेही आठवा, २००९ला दिल्ली हायकोर्टाने दिलासा दिला, डिसेंबर २०१३ला सुप्रीम कोर्टाने तो काढून घेतला, मग सप्टेंबर २०१८ला शेवटी सुटका. अशा वर्षांत मैदानावर तो शब्द एकसुरात ओरडला जाणं आणि घरात हेडफोन लावून त्या हमालाची चीड समजून घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गाणं तेच असलं तरी. म्हणून तक्रार करणाऱ्याला “तुला उपरोध कळत नाही” असं सुनावणं मला उद्धटपणाचं वाटतं. त्याला उपरोध कळतो. बाकीच्यांना कळेल याची खात्री नाही, आणि ते त्याला अनुभवाने माहिती आहे.

आणि इथे तो व्हिडिओतला जाडजूड कामगार आठवा. टीव्हीवर गाणं बघणाऱ्याला कोण बोलतंय ते दिसत होतं, खोके उचलणारा माणूस समोर होता. रेडिओवर तो नाही. रेडिओवर फक्त मार्क नॉफ्लरचा आवाज आहे, आणि कडवं मधूनच कानावर पडलं तर ते नॉफ्लरचंच मत वाटू शकतं. यावर उपाय कात्री नाही, यावर उपाय निवेदक आहे. गाण्याआधी दोन वाक्यं सांगा की हे एका दुकानातल्या माणसाचं बोलणं आहे, असं असं लिहिलं गेलं. पंधरा सेकंदांचं काम. पण गाण्याआधी गाण्याबद्दल काही सांगायचं असतं ही कल्पनाच रेडिओवरून हद्दपार झाली आहे, आपल्याकडे तर झालीच आहे.

कॅनडात पुढे जे झालं ते मला खरंच आवडलं. निर्णयाविरोधात अडीचशेच्या वर पत्रं सीआरटीसीकडे गेली, त्यांनी कौन्सिलला सांगितलं की राष्ट्रीय पातळीवरचं पॅनेल नेमून परत बघा, आणि ऑगस्टअखेरीस दुसरा निर्णय आला. त्यात त्यांनी शब्दाला क्लीन चिट दिली नाही. शब्द वाईटच आहे, एरवी तो रेडिओवर चालणार नाही, हे कायम ठेवलं. पण या गाण्यात तो उपरोधाने आला आहे, लिहिणाऱ्याचा हेतू अपमानाचा नाही, त्यामुळे अख्खं लावायचं की कापलेलं, हे प्रत्येक स्टेशनने आपल्या श्रोत्यांकडे बघून ठरवावं. आपल्या सहकाऱ्यांनी दिलेला निर्णय सात-साडेसात महिन्यांत फिरवणं, आणि फिरवताना तक्रारदाराला मूर्ख न ठरवणं, हे सोपं नसतं. मला विचाराल तर योग्य जागा हीच आहे. सकाळी शाळेच्या बसमध्ये वाजणाऱ्या स्टेशनने छोटी आवृत्ती लावावी, रात्री दहाला अल्बम रॉक लावणाऱ्याने अख्खं लावावं, आणि ज्याने त्याने आपल्या निर्णयाचा जाब आपल्या श्रोत्यांना द्यावा.

आपल्याकडे काय होतं ते बघितलं की जीव तुटतो. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता. त्यात गांधी वेगवेगळ्या ठिकाणी भेटतो आणि जिथे भेटतो तिथल्या भाषेत बोलतो, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, बोलतंय कोण. १९९४ला ती एका बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात छापली गेली, पुण्यातल्या पतित पावन संघटनेने तक्रार केली, आणि अश्लीलतेचं कलम लागलं, २९२, म्हणजे फौजदारी. मे २०१५मध्ये, एकवीस वर्षांनी, सुप्रीम कोर्टाने छापणाऱ्यांना सोडलं कारण त्यांनी माफी मागितली होती, पण कवीवर खटला चालू शकतो असं म्हटलं. का, तर आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालायला कवीचं स्वातंत्र्य पुरत नाही. तिकडे शब्दाने दुखावलेला माणूस जिवंत होता, रोज ती शिवी ऐकत होता, तरी प्रकरण पत्रापत्रीत मिटलं आणि कोणाला कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. इकडे पोलीस केस, दोन दशकं, आणि कविता मुळातून वाचलेले किती हा प्रश्न वेगळाच.

आणि कापाकापीचंच बघायचं तर त्याच २०१५च्या सुरुवातीला मुंबईच्या मिहिर जोशी या गायकाच्या ‘सॉरी’ गाण्याच्या व्हिडिओत सेन्सॉर बोर्डाने ‘बॉम्बे’ या शब्दावर बीप टाकायला लावला. बॉम्बे! कोणाला हिणवलं होतं त्यात? कोणालाच नाही. शब्दांची यादी घेऊन बसलं की हेच होतं, यादीतला शब्द सापडला की बीप. मग एखाद्या जातीचं नाव शिवीसारखं वापरलेलं गाणं सुटतं आणि शहराचं जुनं नाव अडकतं. शब्दाची यादी करणाऱ्याला गाणं ऐकावंच लागत नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

उरला स्वतः नॉफ्लर. स्टेजवर त्याने तो शब्द बऱ्याच वेळा बदलून गायला आहे, कधी कडवंच गाळलं आहे. काही लोकांना यात माघार दिसते. मला दिसत नाही. गाणं त्याचं आहे, आज समोर कोण बसलंय ते बघून तो बदलू शकतो, उद्या परत मूळ शब्द घेऊ शकतो. बदलायचा हक्क असलेला माणूस जगात एकच आहे आणि तो हक्क त्याने वापरला. बाहेरच्याने कापणं आणि लिहिणाऱ्याने बदलणं या दोन गोष्टी एका तागडीत टाकता येत नाहीत.

१९८५च्या त्या मुलाखतीत त्याने असंही म्हटलं होतं की दुसऱ्याच्या तोंडून गाणी लिहावीत की नाही याबद्दल आता तो जरा साशंक झालाय. नशीब की त्याने ते सोडलं नाही. २००४मध्ये त्याने ‘बूम, लाइक दॅट’ केलं, मॅकडोनाल्ड्सवाल्या रे क्रॉकच्या तोंडून, मी मी करत बोलणारा क्रॉक, दोन भावांचं हॉटेल बघतो आणि त्याला अख्खा देश दिसायला लागतो. त्यात शिवी एक नाही. कुठल्याही कौन्सिलने काही कापावं असं त्यात काही नाही. आणि तो क्रॉक शांतपणे सांगतो की समोरचा धंदेवाला बुडत असेल तर त्याच्या तोंडात पाण्याची नळी घालायची. फ्रीज उचलणाऱ्या त्या माणसाला याने आपल्या दुकानात कामावर ठेवलं असतं, आणि पगार काय दिला असता याचा अंदाज गाणं ऐकून येतो.